पिशवीच तर काढली

आमच्याकडे गर्भाशयाला कोणी गर्भाशय म्हणत नाही, पिशवी म्हणतात. पिशवीला गाठी झाल्या, पिशवी खाली आली, पिशवी काढली. मी बावीस वर्षं नागपूरच्या महाल भागातल्या मुलींच्या शाळेत मराठी शिकवते आहे, समानार्थी आणि विरुद्धार्थी शब्दांनी माझं निम्मं आयुष्य खाल्लं, पण स्वतःच्या पोटातल्या अवयवाला मीही पिशवीच म्हणत आले. भाजीची कापडी पिशवी फाटली की फेकून देतो आणि दुसरी घेतो, अगदी त्याच सुरात बायका हे बोलतात. त्रेचाळिसाव्या वर्षी माझी काढली. त्याला आता तीन वर्षं झाली.

मागच्या डिसेंबरात धाकट्या बहिणीचा उमरेडहून फोन आला. तिलाही गाठी झाल्या होत्या, महिन्यातले पंधरा दिवस अंगावरून जात होतं, आणि तिथल्या डॉक्टरांनी पिशवी काढायला सांगितलं होतं. तिला ते नागपुरात, माझ्याच डॉक्टरीणबाईंकडे करायचं होतं. फक्त आधी मला विचारायचं होतं.

"ताई, तुले काढल्यावर काही त्रास झाला का वं? खरं सांग."

फोन कानाला लावून मी उभी होते तेव्हा मानेवरून निघालेली घामाची धार पाठीच्या मधोमध खाली चालली होती. अर्ध्या तासापूर्वी बदललेला ब्लाउज पुन्हा अंगाला चिकटला होता. मी म्हणाले, "काही नाही वं. पिशवीच तर काढली. एकदम बढिया आहे मी."

ती खूश झाली. मग तिने तिच्या मुलीच्या परीक्षेचं सांगितलं, मी माझ्या शाळेचं सांगितलं आणि फोन ठेवला. ठेवल्यावर मी न्हाणीघरात गेले, ब्लाउज काढून बादलीत टाकला आणि त्यावर भसाभस साबणाची पूड ओतली.

खोटं का बोलले, याचं उत्तर लाजेखातर असं द्यायला सोपं आहे. पण लाज हा शब्द फार सोवळा आहे. मला किळस येत होती, माझीच. किळसवाण्या गोष्टीचं वर्णन कोणी बहिणीला फोनवर करत नाही.

ते कसं होतं ते सांगते, एकदाच. छातीच्या हाडाखाली आधी काहीतरी पेटतं. मग ते गळ्यात चढतं, कानामागे जातं, आणि डोक्याच्या कातडीत असं काही भरतं की केस उपटून फेकावेसे वाटतात. छाती धडधडते. मग घाम फुटतो. घाम येतो हे लोकांचं असतं, माझा फुटतो. वरच्या ओठावर, पापण्यांवर, स्तनांच्या खाली, पोटाच्या घडीत. पाचेक मिनिटांत तो थांबतो आणि ओल्या कपड्यांत हुडहुडी भरते. दिवसातून दहा-बारा वेळा. रात्रीचं तर विचारूच नका, चादरी धुऊन धुऊन विरल्या आहेत.

आणि त्याचा वास. ताकाचं भांडं न धुता झाकून ठेवावं तसा आंबट. मी पावडर लावायची, तर ती गळ्याच्या वळ्यांत पांढरा लगदा होऊन बसायची. नखाने खरवडली की मळासारखी सुटायची. सगळ्या ब्लाउजांच्या काखा पिवळ्या पडल्या. शाळेत मी पर्समध्ये एक जादा ब्लाउज, दोन नॅपकिन आणि ओल्या कपड्यांसाठी प्लॅस्टिकची थैली घेऊन जायची. घरी आल्यावर ती थैली उघडताना मी तोंड फिरवायची. स्वतःच्याच कपड्यांसमोर.

शिक्षिकेला फळ्यावर लिहिताना वर्गाकडे पाठ करावी लागते. मी पाठ करायचंच सोडून दिलं. मुलींना वाटलं, बाई आता फक्त बोलून शिकवतात. एकदा थंडीत, अर्धा वर्ग स्वेटर घालून बसलेला असताना, वही तपासता तपासता माझ्या हनुवटीवरून थेंब पडला आणि एका मुलीच्या निबंधातली दोन वाक्यं निळी होऊन पसरली. ती मुलगी चांगली होती. तिने हळूच विचारलं, "बाई, तुम्हाले ऊन लागलं का?" मागच्या बाकावरच्या हसल्या. डिसेंबरात ऊन लागलेली बाई. मी वही तिच्याकडे सरकवली आणि निबंध पुन्हा लिहून आण म्हणाले. किती नीच वागले, हे ती वही घेऊन परत गेली तेव्हाच कळत होतं.

नागपुरात उकाडा होतो हे काही आजारात मोडत नाही. एप्रिल-मेमध्ये मी सगळ्यांसारखीच असायचे, किंवा लोकांना तसं वाटायचं. स्टाफरूममध्ये सगळ्याच जणी पदराने वारा घ्यायच्या. मी म्हणाले असते की मला आतून भाजतं, तर कोणीतरी म्हणालं असतं, अवं, कोणाले नाही भाजत? उन्हाळा माझं झाकण होता. हिवाळा आला की मी उघडी पडायची.

घरीही तेच. पहिल्या हिवाळ्यात मी नवऱ्याला कूलर लावायला सांगितलं. तो मनाने बरा माणूस आहे, गच्चीवर जाऊन झाकलेला कूलर उतरवून आणला, पाणी भरलं, चालू केला. टाकीच्या तळाशी मागच्या उन्हाळ्याचा गाळ होता आणि बाजूंचं गवत कुजलेलं होतं. खोलीत सडक्या डबक्याचा वास पसरला. नवरा कानटोपी घालून म्हणाला, "शेजारचे विचारून राहिले, डिसेंबरात कूलर काहून लावला म्हणून." दुसऱ्या दिवशी त्याने आपलं अंथरूण बाहेरच्या खोलीत नेलं. त्याला थंडी वाजत होती, एवढंच. पण मला वाटलं, त्यालाही वास येतो.

तर हे सगळं मी "एकदम बढिया" या दोन शब्दांत घातलं होतं.

आठवड्याने बहिणीने माझे कागद मागितले. कुठल्या डॉक्टरांनी काय केलं ते तिच्या नवऱ्याला पाहायचं होतं. तो खाणीत नोकरीला आहे, त्याला प्रत्येक गोष्टीचा कागद लागतो. मी कपाटातून दवाखान्याची फाइल काढली. ती मी तीन वर्षांत उघडली नव्हती. सुटीचा कागद, टाक्यांची तारीख, गोळ्या, आणि शेवटी तपासणीचा एक अहवाल. मोबाइलवर फोटो काढायचे म्हणून मी कागद खिडकीजवळ सरळ करून धरला आणि सहज वाचू लागले.

त्यात पिशवी होतीच. पण पिशवीबरोबर आणखी काही होतं, इंग्रजीत, दोन्ही बाजूंचं. मी मोबाइलवर अर्थ पाहिला. अंडाशय. दोन्ही. काढलेली होती. खालच्या अहवालात दोन्हींची मापं होती आणि दोन्हींपुढे लिहिलं होतं, विशेष काही आढळलं नाही.

मी खुर्चीवर बसले. आणखी वाचलं. पाळी आपोआप जाते तेव्हा शरीराला वर्षं मिळतात, हळूहळू सवय होते. अंडाशयं काढली की ते एका दुपारीच होतं. माझ्या अंगातली आग पिशवीमुळे नव्हतीच. तीन वर्षं मी भलत्याच अवयवाला दोष देत होते. सुटी होताना दवाखान्यात कोणीतरी सांगितलं होतं, थोडं गरम होईल, कॅल्शियम घ्या, होईल कमी. मी कॅल्शियम घेत राहिले.

आणि धाकटी त्याच टेबलावर जाणार होती, माझ्या शब्दावर. एक्केचाळीस वर्षांची.

लगेच फोन करायला हवा होता. मी केला नाही. कागदांचे फोटोसुद्धा पाठवले नाहीत, फाइल सापडत नाही म्हणून कळवलं. कारण सांगायचं तर ते पोटाच्या घडीपासून थैलीपर्यंत सगळं सांगावं लागलं असतं, आणि आधी खोटं बोलले होते तेही. दोन-तीनदा नंबर लावला, तिने फोन उचलला, आणि मी काय बोलले तर संक्रांतीनंतर माझ्याकडे हळदीकुंकू आहे, तू ये.

ती आली. माझ्या घरी पंधरा-वीस बायका होत्या. सतरंजीवर सगळ्या दाटीवाटीने बसलेल्या, अत्तराचा, तिळाचा आणि गजऱ्यांचा वास एकमेकांत मिसळून घट्ट झालेला. बहिणीच्या ऑपरेशनचा विषय निघाला आणि मग काय, पिशवीवर सगळ्यांनाच बोलायचं होतं. एकीची काढली होती, एकीच्या जावेची काढली होती. मुलं झाल्यावर तिचं कामच काय, असं कोणी म्हणालं. शेजारीण माझ्याकडे बोट दाखवून बहिणीला म्हणाली, तुझ्या ताईकडे पाहा ना, मोकळी झाली, आता काही कटकट आहे का तिला.

त्याच वेळी मला ती आग आली. मी एकीच्या कपाळाला कुंकू लावत होते. कपाळावरून घाम निघाला आणि माझं स्वतःचं कुंकू त्यात विरघळून नाकावरून ओठापर्यंत उतरलं. पदराने पुसलं तर गाल लाल झाला. बहीण माझ्याकडे टक लावून पाहत होती. मी म्हणाले, आत गॅस चालू आहे, गरम होतं. गॅस बंद होता, ती आतूनच पाणी पिऊन आली होती.

बायका गेल्यावर सासूबाईंनी निदान केलं. "तुले ऊन लागलं वं. आंगात राहून गेलं ते." मेमधलं ऊन जानेवारीपर्यंत अंगात राहू शकतं यावर त्यांचा विश्वास होता. आमच्या भागात ऊन लागलं की हरभऱ्याची वाळवलेली भाजी पाण्यात भिजवून अंगाला चोळतात. सासूबाई ती भाजी डब्यात जपून ठेवतात. त्यांनी भिजवली, मला स्टुलावर बसवलं आणि तो काळा-हिरवा, आंबूस चोथा माझ्या हातापायांना, मानेला चोळू लागल्या. प्रेमानेच चोळत होत्या, तेच जास्त वाईट होतं. पाणी कोपरावरून ठिबकत होतं, पानांचे तुकडे घडीघडीत अडकत होते, आणि बहीण दारात उभी राहून पाहत होती. तिने पुन्हा विचारलं, "ताई, हे कधीपासून होऊन राहिलं?"

मी म्हणाले, "जा ना वं, चहा ठेव."

ती गेली. फेब्रुवारीतल्या पहिल्या आठवड्यातली तारीख ठरली.

दाखल व्हायच्या दिवशी मी शाळेतून रजा घेतली. बहिणीचा नवरा औषधं आणायला खाली गेला होता. ती पलंगावर पाय लोंबकळत बसली होती, दवाखान्याचा हिरवा गाऊन घालून, लहान मुलीसारखी. नर्सने संमतीचा कागद आणून दिला, सही कुठे करायची तिथे पेनने फुली मारली आणि दुसऱ्या खोलीत गेली. बहिणीने कागद मांडीवर ठेवला. मी वाकून पाहिलं. पिशवीबरोबर तेच छापलेलं होतं, दोन्ही बाजूंचं, तेच इंग्रजी शब्द. आता मला ते पाठ होते.

"थांब," मी म्हणाले. "सही नको करू. मी खोटं बोलली तुह्याशी."

मग मी सांगितलं. नीट नाही सांगितलं. आधी अंडाशयाचं, मग घामाचं, मग मुलीच्या वहीचं, मग वासाचं, मग पुन्हा अंडाशयाचं. मध्येच मला यायला लागलं आणि मी बोलता बोलता तिच्यासमोर भिजले. तिने पेनचं टोपण लावलं आणि कागद उशीखाली सारला.

डॉक्टरीणबाई संध्याकाळच्या फेरीला आल्या तेव्हा मीच विचारलं, हिची अंडाशयं काढणं गरजेचं आहे का. त्यांनी फाइल चाळली. गाठी पिशवीलाच आहेत, घरात कोणाला तसला कॅन्सर नाही, वयही कमी आहे. "ठेवता येतील," त्या म्हणाल्या. "आत काही वावगं दिसलं तर मात्र काढावी लागतील. मी कागदावर तसं लिहिते."

एवढं सोपं होतं ते. एका वाक्याचं काम.

"मग माझी का काढली?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. त्यांना मी आठवत होते. "मॅडम, मी विचारलं होतं तुम्हाला. बाकीचंही काढू का, म्हणून. तुम्ही म्हणालात, सगळं काढून टाका, काही ठेवू नका."

मला संताप आला, आणि संतापाच्या मागोमाग आठवलं. म्हणाले होते. त्या दिवशी स्टाफरूममधल्या माझ्या खुर्चीवर डाग पडला होता. मी पदराने पुसत असताना एका सहकारिणीने काही न बोलता तिथे वर्तमानपत्र आणून घातलं होतं. त्याच संध्याकाळी मी डॉक्टरांसमोर बसले होते, रक्ताची, खुर्चीची, त्या वर्तमानपत्राची किळस घेऊन. त्या "बाकीचं" म्हणाल्या. बाकीचं म्हणजे काय हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. मला वाटलं, पिशवीचाच काही भाग असेल. घाण एकदाची जाऊ दे, एवढंच डोक्यात होतं. त्यांनी तो शब्द नीट फोड करून सांगायला हवा होता, हे मी आजही म्हणते. पण शब्दांची फोड करून पोट भरणारी बाई त्या खोलीत मी होते.

"इतका त्रास होता तर तीन वर्षं आल्या का नाहीत?" त्यांनी विचारलं. "याला औषधं असतात. तुमच्या वयाला द्यायलाच हवीत." त्यांनी एका चिठ्ठीवर माझ्यासाठी तपासण्या लिहून दिल्या.

बहिणीचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं. बाहेर येऊन डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, पिशवी काढली, अंडाशयं चांगली आहेत, ठेवली. तिच्या नवऱ्याने हात जोडले. मला आनंद झाला, नाही असं नाही. पण आधी जे आलं तो आनंद नव्हता. हिची राहिली आणि माझी गेली, हे आलं आधी. सख्ख्या बहिणीच्या पोटातल्या दोन गोळ्यांचा मला हेवा वाटला, आणि त्या बाकावर बसून मला माझी जी शिसारी आली तशी कुठल्याही घामाची आली नव्हती.

टाके निघेपर्यंत ती माझ्याकडे राहिली. तीन-चार दिवस ती माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होती. मी म्हटलं, दुखत असेल. एका दुपारी मी तिला खिचडी भरवून झाल्यावर कटोरी उचलत होते आणि तेव्हाच मला आलं. सवयीने मी दाराकडे वळले, तिला दिसू नये म्हणून. तिने मागून माझा पदर धरला.

"बस इथं."

"ओली झाली वं मी. वास येते."

"येऊ दे. बस."

मी पलंगाच्या कडेला बसले. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला, ब्लाउज भिजला होता तिथेच. गेल्या तीन वर्षांत तिथे कोणी हात लावला नव्हता. मी आखडून पुढे सरकले, तर हातही पुढे सरकला.

"त्या दिवशी नर्स तिथं उभी राहिली असती तर?" ती म्हणाली. "मी सही करून दिली असती तर तू बोलली असती का?"

मला हो म्हणता आलं नाही. आता मला पुन्हा खोटं बोलायचं नव्हतं.

"तुह्या घामाची मले किळस नाही येत, ताई," ती म्हणाली. "तू मले मस्त आहे म्हणून सांगत राहिली ना, त्याची येते."

तिचा हात तिथेच होता. घाम थांबला आणि नेहमीप्रमाणे थंडी भरू लागली. तिच्या ते लक्षात आलं. तिने पोटाला धरून हळूच कूस बदलली, पलंगावर माझ्यापुरती जागा केली आणि आपल्या अंगावरची अर्धी चादर माझ्यावर घातली.